हार्ट फेल्युअरचे मूळ कारण कसे जाणून घ्यावे

हार्ट फेल्युअर म्हणजे शरीराला पुरेसे रक्त पुरवण्यात हृदय कमी पडणे. डिस्चार्ज कार्डावर ‘हार्ट फेल्युअर, ईएफ 30 टक्के’ एवढेच लिहिलेले असेल, तर निदान अर्धेच हाती आले आहे असे समजावे. ईएफ म्हणजे हृदयाच्या डाव्या कप्प्यातील रक्तापैकी दर ठोक्याला बाहेर ढकलल्या जाणाऱ्या रक्ताची टक्केवारी. हृदयाचे पंपिंग किती उरले हे त्या आकड्यावरून कळते. ते कशामुळे घटले हे कळत नाही, आणि रुग्णाचे पुढे काय होणार हे बऱ्याच अंशी त्या कारणावरच अवलंबून असते.

म्हणून ‘कारण कोणते ठरले आणि कशावरून?’ असे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. टू-डी इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) अहवालात हृदयाच्या भिंतीचा एखादाच भाग हलत नसल्याची नोंद असेल, तर हृदयाच्या रक्तवाहिनीतील अडथळ्याची शंका बळावते व बहुधा अँजिओग्राफी सुचवली जाते. हृदयविकाराच्या झटक्यात मेलेल्या स्नायूच्या जागी उरलेला व्रण पुन्हा आकुंचन पावत नाही. त्यामुळे अशा रुग्णांत सुधारणेला मर्यादा पडते आणि घातक अनियमित ठोक्यांचा धोका राहतो. याउलट, दीर्घकाळ अतिजलद ठोके पडल्यानेच हृदय थकले असेल, तर वेग ताब्यात आल्यावर पंपिंग काही महिन्यांत पूर्ववत होऊ शकते. दारूमुळे झालेल्या आजारात दारू पूर्ण सोडणे हाच उपचाराचा गाभा आहे. रुग्ण किती पितो हे घरच्यांनी डॉक्टरांपासून लपवू नये, ही कळकळीची विनंती. प्रसूतीच्या आगेमागे हृदय कमजोर झालेल्या अनेक स्त्रिया सहा महिन्यांत सावरतात, परंतु पुढच्या गरोदरपणाचा निर्णय हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

आपल्याकडे लहानपणीच्या ऱ्हुमॅटिक तापाने (घशाच्या संसर्गानंतर येणाऱ्या, हृदयाला इजा करू शकणाऱ्या आजाराने) हृदयाची झडप अरुंद झालेले तरुण रुग्ण आजही आढळतात. त्यांत पंपिंगचा आकडा चांगला असूनही दम लागतो. तेथे प्रश्न झडपेचा असतो आणि योग्य वेळी फुगा घालून ती रुंद केल्यास मोठा आराम मिळतो. अमायलॉइड नावाचे विकृत प्रथिन हृदयाच्या स्नायूत साठल्यास आकडा बरा दिसूनही आजार गंभीर असू शकतो.

पंपिंग सुधारले म्हणून गोळ्या आपण होऊन बंद करू नयेत. डायलेटेड कार्डिओमायोपॅथीतून (हृदय ताणून मोठे व कमजोर होण्याच्या आजारातून) सावरलेल्या रुग्णांची औषधे देखरेखीखाली थांबवून ब्रिटनमध्ये एक अभ्यास झाला, तेव्हा सहा महिन्यांत सुमारे 40 टक्के जणांचा आजार पुन्हा बळावला.

सर्व तपासण्यांनंतरही कारण सापडले नाही, तर ते आनुवंशिक असू शकते; म्हणून घराण्यात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला होता का, हे डॉक्टरांना सांगावे आणि रुग्णाच्या भावंडांची व मुलांची ईसीजी व इको तपासणी करावी का, हे त्याच भेटीत विचारून घ्यावे.