पृष्ठवंशीय प्राणी शिकवताना या चुका टाळा, नाहीतर मगर बेडकाच्या पंगतीत जाऊन बसते

संध्याकाळी आमच्या बिल्डिंगमधली पाच-सहा पोरं माझ्याकडे अभ्यासाला येतात आणि या धड्याला दरवर्षी तोच घोळ. मत्स्य, उभयचर, सरीसृप, पक्षी, सस्तन घडाघडा म्हणून दाखवतात, पण मगर कुठे टाकायची विचारलं की सगळे एका सुरात "उभयचर!" आता यात पोरांची काय चूक, आपणच सांगून ठेवलेलं असतं ना की पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे राहतो तो उभयचर, मग पवई तलावाच्या काठावर ऊन खात पडलेली मगर उभयचर, कासव उभयचर, एकाने तर बदकसुद्धा घुसवलं.

म्हणून राहतो कुठे हा प्रश्न आधी बंद करा. अंगावर काय आहे, श्वास कशाने घेतो, अंडी कशी, हे विचारा. बेडकाची कातडी ओलसर, खवले नाहीत, अंड्याला कवच नाही म्हणून ती बहुतेक वेळा पाण्यातच, पिल्लू आधी कल्ल्यांनी श्वास घेतं आणि मोठं होताना फुप्फुसं येतात. मगरीला जाड खवले, जन्मापासून फुप्फुसं, कवचवाली अंडी जमिनीवर. सरीसृप, विषय संपला.

दुसरं म्हणजे नावावर जाऊ नका, इथे आपली मराठीच दगा देते. देवमासा मासा नाही, पिल्लाला दूध पाजतो. समुद्रघोडा मात्र चक्क मासा. खवले मांजराच्या अंगभर खवले, तरी सस्तन, आणि मांजर तर अजिबातच नाही. घरी कोलंबी, खेकडे, माकूळ काहीही आणलं तरी "मासळी आणली" म्हणतो आपण, पण यातल्या एकालाही पाठीचा कणा नाही.

कणा नुसता चित्रात दाखवणं ही तर माझी स्वतःची जुनी चूक. आता मी सुरमईची तुकडी दाखवते, मधोमध तो गोल टणक तुकडा असतो ना, तोच मणका. बांगडा नीट खाल्ला तर ताटात अख्खा कणाच उरतो. शाकाहारी घरातलं पोर असेल तर शेजारच्याच्या पाठीवरून बोट फिरवायला सांगा, भरपूर खिदळतात पण लक्षात राहतं.

राणीच्या बागेतले पेंग्विन बघून आलेली पोरं हमखास म्हणतात की उडत नाही मग पक्षी कसा. पिसं बघा म्हणायचं. आज जिवंत असलेल्या प्राण्यांत पिसं फक्त पक्ष्यांना. वटवाघूळ उडतं पण अंगावर केस, दूध पाजतं, सस्तन.

"अंडी घालतो तो सस्तन नाही" असलं ठाम वाक्य टाळाच, कुणीतरी प्लॅटिपस घेऊन येतोच, तो अंडीही घालतो आणि दूधही पाजतो. उलट घोणस साप असून थेट पिल्लं देते.

आणि कार्टूनमुळे पोरांना वाटतं की कासव कवच काढून ठेवू शकतं. त्याच्या बरगड्या आणि कणा कवचालाच जोडलेले असतात, काढणार कुठून?