वीस वर्षांची बोर्दो: कशी उघडावी, कशी प्यावी

फ्रान्समधल्या बोर्दोच्या मेदोक भागातली 2005 सालची चांगली लाल वाइन हाती आली, तर ती उघडायची घाई करू नका. तिथल्या काबर्ने सोव्हिन्यों द्राक्षाच्या जाड सालीतून वाइनमध्ये भरपूर टॅनिन उतरतं. कडक कोऱ्या चहाने तोंडाला जो तुरटपणा येतो, तसाच हा. वर्षानुवर्षं बाटलीत राहिल्यावर टॅनिनचे आणि रंगाचे कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात. त्यामुळे वाइन मऊ होते आणि बाटलीत गाळ साचतो. पुढची बरीचशी खटपट या गाळासाठीच आहे. (साध्या, स्वस्त बोर्दोला मात्र इतकी वर्षं झेपत नाहीत, ती लवकर पिऊन टाकावी.)

आधी बाटली उजेडात धरून पातळी पाहा. वाइन मानेपर्यंत असली तर उत्तम. खांद्याच्याही खाली उतरली असेल, तर बुचातून हवा आत गेली असण्याची शक्यता मोठी. मग बाटली दोन दिवस उभी ठेवा, म्हणजे आडवी असताना कडेला बसलेला गाळ तळाशी जाईल.

लाल वाइन ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी, हा सल्ला युरोपातल्या थंड घरांचा आहे. तिथे त्याचा अर्थ 16 ते 18 अंश. आपल्याकडे उन्हाळ्यात खोली तिशीच्या पुढे असते, म्हणून बाटली फ्रिजमध्ये दीड-दोन तास उभीच ठेवा. कोमट वाइनमध्ये अल्कोहोल तेवढं नाकात चढतं, बाकीचं काही कळत नाही.

आता बूच. वरचं वेष्टन काढल्यावर काळी बुरशी दिसली तर घाबरू नका, ओल्या फडक्याने पुसा. इतकं जुनं बूच ठिसूळ असतं आणि नेहमीचा कॉर्कस्क्रू त्याचा भुगा करतो. बुचाच्या दोन्ही बाजूंनी सरकवायच्या दोन पातळ पात्यांचा ओपनर मिळतो, तो घ्या. पाती आलटूनपालटून दाबत आत न्या आणि हलके फिरवत वर ओढा. तरीही तुकडे पडले, तर धुतलेल्या मलमलीतून गाळा. घरातली चहाची गाळणी नको, तिला आल्या-वेलचीचा वास असतो.

मानेखाली मेणबत्ती किंवा मोबाइलचा टॉर्च ठेवा आणि वाइन एकाच संथ धारेने डिकँटरमध्ये, म्हणजे वाढण्यासाठीच्या काचेच्या सुरईत, ओता. मध्ये थांबून बाटली सरळ केली की गाळ ढवळला जातो. बोर्दोच्या बाटलीचे उंच खांदे हा गाळ अडवतात. धुरासारखी काळसर रेघ मानेकडे सरकताना दिसली की तिथेच थांबा. दोन बोटं वाइन बाटलीत राहील, राहू द्या. मी पहिल्यांदा या दोन बोटांचा मोह धरला आणि अख्खा डिकँटर गढूळ झाला.

तरुण वाइनला तासन्तास हवा मानवते, म्हाताऱ्या वाइनचा वास मात्र त्यात उडून जातो. म्हणून लगेच वाढा. मोठ्या पोटाचा, तोंडाशी निमुळता ग्लास फक्त एक तृतीयांश भरा आणि पांढऱ्या कागदासमोर तिरपा धरा. कडेला विटकरी झाक दिसेल. ग्लास फिरवण्याआधीच एकदा वास घ्या. शाळेत पेन्सिलला टोक काढल्यावर येणारा लाकडाचा वास, तंबाखूचं सुकं पान, कातडं, पावसानंतर जंगलात कुजणारा पाला. काळ्या फळांचा वास आता मागे गेलेला असतो. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर मात्र बुचाने वाइन बिघडवली. प्रकृतीला अपाय नाही, पण त्यावर उपायही नाही.

सोबत काय खावं? मेदोकमधलं पोइयाक गाव कोवळ्या मेंढीच्या मांसासाठी नावाजलेलं आहे. साधं भाजलेलं मटण किंवा अळंबी याच वाटेने जा. तांबडा रस्सा माझा जीव की प्राण, पण या वाइनसोबत नाही. तिखटाने अल्कोहोल जास्त जाळतं आणि इतक्या वर्षांत जमलेला नाजूक वास पार दबून जातो.

छोटे घोट घ्या आणि एक ग्लास तासभर पुरवा. पहिल्या घोटात मुकी वाटलेली वाइन वीस मिनिटांनी खुलते. रिकामा ग्लास लगेच धुवायला टाकू नका. थोड्या वेळाने पुन्हा नाकाशी धरा, पेन्सिलीच्या लाकडाचा वास अजून तळाशी असतो.