हसू ओढूनताणून येत असेल तर फुगा उडवा

हास्यक्लबातलं ‘हो हो, हा हा हा’ घरी एकट्यादुकट्याने करायला संकोच वाटतो आणि चार दिवसांत ते सुटतं. त्याऐवजी रोज ५ ते ७ मिनिटं दोघांनी मिळून फुग्याचा हा खेळ खेळा. खांदे, मान आणि नजर यांना व्यायाम होतो तो वेगळाच.

१. फुग्यात मुगाचे ३-४ दाणे टाका आणि मगच फुगवा. शक्यतो पंपाने, तोंडाने फुगवत असाल तर श्वास घेताना फुग्याची मान चिमटीत घट्ट धरा, नाहीतर दाणा घशात यायचा. दाण्यांमुळे फुगा वाकडातिकडा जातो, नेम चुकतो आणि हसू तिथेच फुटतं.

२. पाऊण भागच फुगवा. गच्च फुगलेला नख लागताच फुटतो, फार लहान ठेवला तर भरभर खाली येतो.

३. पंखा बंद. दोन खुर्च्या समोरासमोर, ४-५ फुटांवर. बसून एका हाताने फुगा एकमेकांकडे टोलवा. तो जमिनीला टेकू द्यायचा नाही, एवढाच नियम. २ मिनिटांनी हात बदला. खरी धमाल डाव्या हाताला.

४. टोले दोघांनी मिळून मोठ्याने मोजा, म्हणजे श्वास रोखला जात नाही. वेगवेगळे गुण मात्र नकोत, मोठी माणसं लहानांपेक्षा जास्त चिडतात!

हर्निया असेल किंवा पोटाचं, डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खेळू नका. फुगा फुटलाच तर तुकडे आणि दाणे लगेच उचला, घरात लहान मूल असेल तर विशेषच.