साथीच्या काळात व्हॅक्युम ट्रक: मास्क लावाच, पण गॅस मीटर आणि व्हॉल्व्ह आधी बघा

साथ आली म्हणून सेप्टिक टँक भरायच्या थांबत नाहीत, आणि त्यातला मैला पंपाने खेचून टाकीत भरून नेणारा व्हॅक्युम ट्रकही थांबत नाही. उलट 2020 मध्ये कोविडच्या वेळी लोक वेट वाइप्स टॉयलेटमध्ये टाकायला लागले आणि बऱ्याच देशांत ड्रेनेजच्या लाइनी चोक झाल्या. म्हणजे काम वाढलेलं, माणसं कमी, त्यात पार्ट वेळेवर मिळत नाहीत. अशा वेळी सगळं लक्ष व्हायरसकडे जातं आणि ट्रकचे जुने धोके, जे मिनिटा-दोन मिनिटांत जीव घेतात, ते मागे पडतात. ड्रायव्हर, हेल्पर आणि मालक तिघांनीही हे वाचा.

सगळ्यात आधी गॅस. मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, सडक्या अंड्यासारखा वास येतो, हवेपेक्षा जड असल्यामुळे चेंबरच्या तळाशी साचतो. साधारण 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग गॅस) आसपास नाक बधिर होतं आणि वास येणंच बंद होतं, माणसाला वाटतं गॅस गेला, खरं तर तो वाढलेला असतो, आणि 700-1000 पीपीएमला माणूस जागेवरच कोसळतो. आता यात साथीची भर बघा: कोविडमध्ये कित्येकांची वास घ्यायची ताकदच जाते, काहींची बरं झाल्यावरही लवकर येत नाही, म्हणजे "वास आला तर बाजूला होऊ" हा हिशोब पूर्ण चुकीचा आहे. आणि एन-95 मास्क कण अडवतो, गॅस अडवत नाही, हे हेल्परला स्पष्ट सांगा. ऑक्सिजन, हायड्रोजन सल्फाइड, मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइड दाखवणारा चार गॅसचा मीटर अंगावर लावा, ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या खाली दिसला किंवा अलार्म वाजला की लांब व्हा. चेंबरमध्ये किंवा ट्रकच्या टाकीत उतरायचं नाही, पाईप अडकला तरी नाही, आत कोणी पडलं तरी त्याच्यामागे उडी मारायची नाही, कारण दुसरा आणि तिसरा माणूस असाच जातो. बाहेरून हवा द्या आणि रेस्क्यूवाल्यांना फोन करा. हे मशीन बनलंय तेच माणसाला खाली उतरावं लागू नये म्हणून.

लॉकडाऊनमध्ये गाडी बरेच दिवस उभी राहिली असेल तर सरळ कामावर नेऊ नका. बॅटरी उतरते, टायरची हवा जाते, ब्रेक ड्रमला गंज धरतो, हे कुठल्याही ट्रकचं झालं. व्हॅक्युम ट्रकचं जास्त दुखणं पंपात असतं. व्हेन पंपात (आत सरकणाऱ्या पट्ट्या, म्हणजे व्हेन, असलेला पंप) ओल किंवा घाण राहिली की तो आतून गंजतो, व्हेन खाचेत चिकटून बसतात, आणि तसाच पीटीओ (इंजिनाची ताकद पंपाला देणारी जोडणी) लावला तर तुटतात. त्यामुळे गाडी उभी करायच्या आधीच पंप कंपनीने सांगितलेल्या फ्लशिंग ऑइलने धुवा, परत सुरू करताना ऑइलची लेव्हल बघा, कमी आरपीएमवर फिरवून आवाज ऐका.

रोज काम सुरू करायच्या आधी टाकीतला फ्लोट बॉल बघायचाच. टाकी भरली की हा बॉल वर येऊन पंपाकडे जाणारी लाइन बंद करतो. बॉल चिरलाय, तो जिथे बसतो ती सीट घाणीने भरलीय किंवा त्याची जाळी वाकलीय तर मैला थेट पंपात जातो. त्यानंतरचा ट्रॅपही, म्हणजे पंपाआधी निसटलेला मैला अडवणारं भांडं, रोज रिकामा करा. रिलीफ व्हॉल्व्ह (ठरलेल्या मर्यादेपलीकडे आपोआप उघडणारे) दोन प्रकारचे असतात, एक व्हॅक्युमसाठी, एक प्रेशरसाठी. "खेचत नाही" म्हणून व्हॅक्युमवाला आवळून ठेवायची सवय मला सगळ्यात धोकादायक वाटते, कारण पंप तापतो आणि टाकी आत दबू शकते. खेचत नसेल तर लीक शोधा, मागच्या दरवाजाचं गास्केट, कपलिंगचं रबर, होजची चीर. आणि खोलीचाही विचार करा, पूर्ण व्हॅक्युम असला तरी पाण्याचा सलग स्तंभ साधारण 10 मीटरच्या वर चढत नाही, प्रत्यक्षात त्याहून कमीच, तिथे व्हॉल्व्हचा काही दोष नसतो.

मागचा दरवाजा उघडायच्या आधी गेज शून्यावर आलंय का बघा, पण नुसत्या गेजवर विसंबू नका, ते अडकतं, व्हेंट उघडून हवा जाण्याचा आवाज थांबेपर्यंत थांबा. प्रेशर असताना क्लॅम्प सोडला तर दरवाजा माणसाला उडवून देतो. टाकी किंवा दरवाजा वर उचलून खाली काम असेल तर सेफ्टी प्रॉप (आधाराचा दांडा) लावल्याशिवाय डोकं आत घालायचं नाही, हायड्रॉलिकवर भरवसा नको. टाकी उचलताना वर विजेच्या तारा आहेत का तेही बघा.

निघताना पीटीओ काढा. अर्धी भरलेली टाकी वळणावर आणि ब्रेक मारल्यावर डुचमळते, गाडी ढकलते, म्हणून स्पीड कमी. गाळ पाण्यापेक्षा जड असतो, टाकीत जागा आहे म्हणून भरत राहिलात तर एक्सलवर ओव्हरलोड होतो.

आता सफाई. मैल्यात कोरोनाच्या आरएनएचे (व्हायरसच्या जनुकीय घटकाचे) अंश सापडतात, पण त्यातून कोविड लागायचा धोका कमी मानला जातो. कॉलरा, टायफॉइड, हेपटायटिस ए हे मात्र मैल्यातून पसरतातच, त्यामुळे रबरी ग्लोव्हज, गमबूट, गॉगल आणि फेस शील्ड साथ असो-नसो लागतंच. स्टीअरिंग, गिअर, सीटबेल्ट, दाराचं हँडल, पीटीओचा स्विच, व्हॉल्व्हची हँडलं, ही सगळी शिफ्ट बदलताना आधी साबणाने पुसा, मग 0.1 टक्के हायपोक्लोराइटने, म्हणजे पातळ ब्लीचने (5 टक्क्यांचं असेल तर 1 भागाला 49 भाग पाणी), दहा मिनिटांनी साध्या पाण्याने, नाहीतर धातू गंजतो. हे द्रावण अ‍ॅसिडमध्ये किंवा अमोनियात कधीच मिसळू नका, विषारी गॅस होतो, आणि टाकीत आधी काय भरलंय माहीत नसेल तर त्यातही ओतू नका. सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल असतं, हात पूर्ण सुकल्याशिवाय होजला हात लावू नका, खेचताना स्टॅटिक वीज तयार होते, ठिणगी पडू शकते, ज्वलनशील माल असेल तर अर्थिंग लागतंच. केबिनमध्ये दोघं असाल तर काचा उघड्या आणि एसी रिसर्क्युलेशनवर (आतलीच हवा फिरवणं) नको. ताप असलेल्या माणसाला गाडीवर पाठवू नका आणि त्याचा पगारही कापू नका, नाहीतर तो आजार लपवेल.

पार्टची टंचाई येण्याआधीच फ्लोट बॉल, दरवाजाचं गास्केट, कपलिंगची रबरं आणि पिना, व्हेनचा एक सेट, फिल्टर एवढं घेऊन ठेवा. गॅस मीटरचे सेन्सर मात्र साठवून ठेवायची वस्तू नाही, ते वापरले नाहीत तरी एक्सपायर होतात, तारीख बघूनच घ्या आणि रोज निघायच्या आधी टेस्ट गॅस देऊन अलार्म वाजतो का ते तपासा.