घूं घूं बेअरिंगची की टायरची? गॅरेजला नव्याने लागलेल्यांसाठी

आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा ट्रेड करून आलेल्या पोरांना ब्रेकचे पॅड बदलता येतात, ड्रम उघडता येतो, ब्लीडिंग म्हणजे ब्रेकमधली हवा काढणंही जमतं. अडतं ते एका वाक्यावर. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "चाकातनं आवाज येतोय, बघा जरा." आपण लगेच जॅक ओढतो आणि निम्मा दिवस तिथेच जातो. चाक हवेत गेलं की त्याच्यावरचा गाडीचा भार जातो आणि भाराबरोबर बरेचसे आवाजही जातात. म्हणून आधी जॅक नाही, किल्ली मागा.

ट्रायल एकट्याने मारू नका. गाडी मालकालाच चालवू द्या, तुम्ही आधी शेजारी बसा, मग मागे एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे. तो आवाज कुठे आणि कसा काढून दाखवायचा हे रोज ऐकणाऱ्याला बरोबर माहीत असतं. आपण चालवायला घेतली की गाडी हमखास गुणी होते. आणि गल्लीत फेरी मारून आणलेल्या ट्रायलला मी ट्रायल म्हणत नाही. आमच्या कोल्हापुरात उद्यमनगरातनं चक्कर मारून काही कळत नाही. महामार्गावर साठ-सत्तरचा वेग धरल्याशिवाय बेअरिंग, म्हणजे चाक ज्यावर फिरतं ते गोळ्यांचं कडं, नीट तोंड उघडत नाही.

चालत्या गाडीत एवढंच पाहायचं: आवाज ब्रेक दाबल्यावरच येतो की कायम? वळताना बदलतो का? वेगाबरोबर वाढतो की इंजिनाच्या रेसबरोबर? शेवटच्याचं उत्तर सोपं आहे. सरळ मोकळ्या रस्त्यावर साठला असताना न्यूट्रल करून गाडी घरंगळू द्यायची. आवाज तसाच राहिला तर तो चाकाकडचा. इंजिन शांत झाल्याबरोबर तोही उतरला तर चाकं खोलून उपयोग नाही. उतारावर किंवा घाटात हा प्रयोग करायचा नाही, कुणी सांगितलं तरी नाही.

सोपे आवाज भराभर सांगतो. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण फिरवून हळू वळवताना कट्-कट्-कट् आलं तर एक्सलचा बाहेरचा जॉइंट, आणि बहुतेक वेळा त्याचा रबरी बूट फाटून आत माती गेलेली असते. खड्ड्यात खडखड आणि सपाट रस्त्यावर शांत, तर सस्पेन्शनच्या सांध्यांकडे, म्हणजे लिंक रॉड, बुश, बॉल जॉइंट यांच्याकडे बघा. पावसाळ्यात सकाळी पहिल्या तीन-चार ब्रेकला खर्रर्र येऊन थांबत असेल तर रात्रभरात ब्रेकच्या डिस्कवर गंज चढला होता, तो पॅडने खरवडून काढला. त्याचं बिल करू नका. कच्च्या रस्त्यावरून आल्यावर अचानक पत्रा फाटल्यासारखा आवाज सुरू झाला तर डिस्क आणि तिच्यामागच्या पातळ पत्र्याच्या मध्ये खडा अडकलेला असतो. पत्रा जरा वाकवला की खडा टपकन खाली पडतो. गिऱ्हाईक मात्र गाडी संपली असं समजून आलेलं असतं.

आता मूळ मुद्दा. मी स्वतः ज्यात वारंवार फसलो तो सापळा हा, त्यामुळे इथे जरा जास्त बोलणार आहे.

घूं घूं. चाळीस-पन्नासच्या पुढे सुरू होते, वेगाबरोबर चढते, ब्रेकचा तिच्याशी संबंध नसतो, न्यूट्रल केलं तरी जात नाही. असं ऐकलं की जुनाजाणता मिस्त्री गाडीजवळही न येता सांगतो, "बेअरिंग गेली." बऱ्याचदा त्याचं बरोबर निघतं आणि म्हणूनच हा सापळा इतका पक्का आहे. कारण वेडावाकडा झिजलेला टायरसुद्धा अगदी हाच आवाज, याच वेगाला, याच सुरात काढतो. बेअरिंग बदलायची, ती दाबून बसवणाऱ्या प्रेसवाल्याचे पैसे द्यायचे, ट्रायल मारायची, आणि घूं घूं जिथल्या तिथे. मग कुणीतरी म्हणतं, दुसऱ्या बाजूची असेल. तीही बदलायची.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत हे मागच्या टायरांचं जास्त होतं. लोक टायर पुढे-मागे फिरवत नाहीत. मागच्या चाकांना ओढायचं काम नसतं, ती नुसती फरफटत येतात आणि त्यांच्या नक्षीचे ठोकळे एका कडेला जास्त खातात. डोळ्यांना टायर झकास दिसतो, नक्षी भरपूर असते. पण टायरवर तळहात एकदा पुढच्या दिशेने फिरवा आणि एकदा उलटा. एकीकडे हात सरसर जातो आणि दुसरीकडे करवतीच्या दातांवरून नेल्यासारखा अडतो. असं लागलं तर बेअरिंगचं नाव तूर्त घेऊ नका. आधी तारा बाहेर आल्यात का तेवढं बघून मग हात लावा, नाहीतर बोट चिरेल.

तरीही नुसत्या हातावर निकाल देऊ नका, कारण खराब टायर आणि खराब बेअरिंग एकाच गाडीला असू शकतात. रिकाम्या सरळ रस्त्यावर पन्नास-साठच्या वेगात गाडी हलकेच डावीकडे-उजवीकडे झुलवा. झोकांड्या द्यायच्या नाहीत, हलकेच. डावीकडे वळवली की भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा घूं घूं वाढली आणि उजवीकडे वळवल्यावर दबली तर संशय उजव्या बेअरिंगवर. दोन्हीकडे सारखीच राहिली तर टायर धरा. रस्त्याकडेही लक्ष ठेवा: काँक्रीटवरून डांबरावर आलं की टायरचा सूर बदलतो, बेअरिंगचा सहसा बदलत नाही.

एवढ्यानेही मन बसेना तर पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे टाका, ज्या त्या बाजूलाच. खर्च फक्त घामाचा. आवाजाची जागा किंवा सूर बदलला तर टायर, काहीच बदललं नाही तर बेअरिंग. बेअरिंगची ऑर्डर देण्याआधी हे केलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे आणि त्यावरून उस्तादांशी माझे वाद होतात. त्यांच्या मते हा वेळकाढूपणा. असेल. पण वेळ गॅरेजचा जातो आणि चुकीच्या बेअरिंगचे पैसे गिऱ्हाईकाचे जातात.

त्यातलाच पोटसापळा: "चाक हलवून बघितलं, प्ले (ढिलेपणा) नाही, म्हणजे बेअरिंग चांगली." नाही. सुरुवातीला बेअरिंग फक्त आवाज करते, प्ले पुष्कळ नंतर येतो. चाक उचलल्यावर, खाली स्टँड लावल्यावर, एका हाताने चाक फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटं शॉकअपच्या स्प्रिंगवर अलगद टेकवा. चांगल्या बेअरिंगला स्प्रिंग गप्प असते. खराब असेल तर बोटांना बारीक खरखर जाणवते, कधीकधी कानाला ऐकू येण्याआधी. दुसऱ्या बाजूच्या स्प्रिंगला हात लावून तुलना करा. आणि चाक वर-खाली हलवल्यावर प्ले लागलाच, तर जोडीदाराला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेकसरशी प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट किंवा सस्पेन्शन.

पुराच्या पाण्यातून गेलेल्या गाड्यांचं वेगळं. आमच्याकडे २०१९ आणि २०२१ चे महापूर सगळ्यांना आठवतात. हब, म्हणजे चाक ज्याला बसतं तो मधला भाग, बुडालं असेल तर सीलमधून पाणी आत शिरून ग्रीसची वाट लागते, पण घूं घूं नंतर कधीतरी सुरू होते आणि मालकाला पुराचा संबंध सुचतही नाही. पाण्यात गेली होती का, हे आपणच विचारायचं.

बेअरिंगच गेलीय हे ठरलं, तरी हातोडी उचलू नका. नकलमध्ये, म्हणजे बेअरिंग ज्यात बसते त्या घरात, ती प्रेसने बसवताना दाब बाहेरच्या रेसवर (कड्यावर) हवा. हब आत दाबताना आतल्या रेसला मागून आधार हवा. उलट केलंत तर सगळा जोर गोळ्यांमधून जातो, रेसवर न दिसणारे खळगे पडतात आणि नवी कोरी बेअरिंग थोड्याच दिवसांत गाऊ लागते. मग "पार्ट डुप्लिकेट निघाला" म्हणायला आपण मोकळे. ज्या बेअरिंगच्या सीलमध्ये एबीएसची (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) चुंबकी रिंग असते तिची ती बाजू सेन्सरकडेच हवी, नाहीतर आवाज जाऊन एबीएसचा दिवा लागतो. एक्सल नट टॉर्क पान्यानेच, म्हणजे ठरलेल्या जोराला आवळता येणाऱ्या पान्यानेच. गन मारून "बसला" म्हणणाऱ्याकडून बाकी सगळं शिका, हे शिकू नका.

ब्रेकच्या किंचाळण्याबद्दल दोनच गोष्टी. पहिली, पॉलिश पेपर. पॅड काढून घासले की चीं चीं थांबते, गिऱ्हाईक खूश होतं, थोड्या दिवसांत परत येतं. घासल्याने कारण जात नाही. पॅडमागची शिम (पातळ पत्री) पडलीय का, क्लिपा जागेवर आहेत का, पॅड काचेसारखा चकचकीत झालाय का, हे पाहायचं. पॅडवरची बारीक पत्र्याची जीभ डिस्कला लागून चिरकत असेल तर तो इशारा आहे, पॅड संपत आलेत. ती जीभ वाकवून आवाज बंद करणाराही मी पाहिलाय. त्याच्या हाताखाली असाल तर दुसरं गॅरेज शोधा.

दुसरी गोष्ट, आतला पॅड. अलॉयच्या फटीतून दिसतो तो बाहेरचा. कॅलिपरची, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची, पिन सुकून जाम झाली की आतला एकटाच झिजत राहतो. बाहेरचा सहा मिलिमीटर आणि आतला लोखंडावर, असं होतं. म्हणून कॅलिपर उचलल्याशिवाय "पॅड चांगले आहेत" हे शब्द तोंडातून काढू नका. तीन मिलिमीटरला आलेला पॅड बदला, डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते ती व्हर्नियरने ताडून पाहा, आणि पिनला सिलिकॉनचं ग्रीस लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. खरखर लोखंडावर लोखंड अशी असेल तर गाडी परत द्यायचीच नाही. मालक चिडला तरी चालेल.

हे सगळं एकदम कानात बसत नाही, घाबरू नका. मलाही अजून डावा-उजवा फसवतो, विशेषतः मागच्या चाकांचा, कारण आवाज पत्र्यातून कुठूनही कुठे जातो. चांगल्या गाड्यांतही मुद्दाम बसा, चांगलं चाक कसं वाजतं हे माहीत नसेल तर वाईट कसं ओळखणार?

आणि चाक काढलं असेल तर नट चांदणीच्या क्रमाने (शेजारचा नाही, समोरचा), टॉर्क पान्याने, कंपनीने दिलेल्या आकड्याला आवळा. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासायला या असं सांगितलं तरी कुणी येत नाही, म्हणून फोन आपणच करायचा.