सोयाबीनचं पान अरुंद का? जनुक की पावसाची ओढ, वावरातच तपासा

जेएस 335 आणि जेएस 93-05 हे सोयाबीनचे दोन वाण शेजारी-शेजारी पेरले की पानातला फरक लांबूनच दिसतो. पहिल्याचं पान रुंद, दुसऱ्याचं भाल्यासारखं निमुळतं. हा फरक बियाण्यातला आहे. पण भरकाड, म्हणजे हलक्या जमिनीत जेएस 335 चं पानही लहान राहतं, आणि तो फरक बियाण्यातला नाही. दोन्ही वेगळे ओळखायचे, तर मोजावंच लागतं.

पान आधी पेशींची संख्या वाढवतं, मग त्या पेशी फुगवतं. विभागणी टोकाकडून थांबत देठाकडे येते. ती किती दिवस चालेल हे जनुकं ठरवतात. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपात जीआरएफ जनुकं विभागणी चालू ठेवतात, तर डीए1 हे जनुक ती वेळेवर थांबवतं. सोयाबीनच्या अरुंद पानामागचं जनुक 2012 मध्ये ओळखलं गेलं: जॅग1. त्याच्या प्रथिनात एकच अमिनो आम्ल बदललं की पान निमुळतं होतं आणि चार दाण्यांच्या शेंगाही वाढतात. म्हणून ही दोन लक्षणं बहुधा सोबतच दिसतात.

पेरणी 75 ते 100 मिमी पाऊस झाल्यावर, दोन्ही वाण एकाच दिवशी करा. अंतर 45 × 5 सेंमी, खोली 3 ते 4 सेंमी. एक तास (ओळ) एका वाणाचं, पुढचं दुसऱ्याचं, असं आलटून-पालटून घ्या. अर्ध्या वावरात एक आणि अर्ध्यात दुसरं पेरलं, तर जमिनीच्या खोलीतला फरकच वाणाचा फरक वाटेल. धुऱ्यालगतची (बांधाजवळची) तासं मोजणीत धरू नका; तिथे उजेड जास्त मिळतो.

प्रत्येक वाणाची दहा झाडं निवडा. बुडाची साधी पानांची जोडी सोडून तीन पर्णिकांचं (एकाच देठावरच्या तीन छोट्या पानांचं) चौथं पान घ्या आणि ते उघडतानाच देठाला सैल दोरा बांधा. डवरणीच्या (कोळपणीच्या) वेळी या झाडांना धक्का लागू देऊ नका. दर दोन दिवसांनी मधल्या पर्णिकेची लांबी मोजा. लागोपाठ दोनदा तीच आली, की पान पूर्ण वाढलं. पुष्कळ मोजण्या इथेच फसतात: एका झाडाचं तिसरं पान, दुसऱ्याचं पाचवं, आणि दोष जातो वाणाला.

आता लांबीला रुंदीनं भागा. रुंद पानात उत्तर साधारण दीड ते पावणेदोन येतं, अरुंद पानात दोनाच्या पुढे. ओढ पडली की पान सगळीकडूनच लहान होतं, पण हे गुणोत्तर फारसं हलत नाही. आकार ओळखायचा तर क्षेत्रफळापेक्षा यावर जास्त भरवसा ठेवा. क्षेत्रफळासाठी पर्णिका आलेख कागदावर ठेवून कड आखा आणि चौकोन मोजा.

पेशी मोजायला शाळेतला सूक्ष्मदर्शक पुरतो. पानाची वरची बाजू ओल्या कापसानं पुसून कोरडी करा. दोन शिरांच्या मध्ये बिनरंगी नेलपॉलिशचा पातळ थर द्या, पंधरा मिनिटं वाळू द्या, पारदर्शक चिकटपट्टीनं उचला आणि काचपट्टीवर लावा. थर जाड झाला किंवा शीर मध्ये आली, तर ठसा धूसर येतो. सूक्ष्मदर्शक 40 पटीला लावा आणि खाली पारदर्शक मोजपट्टी ठेवून दिसणाऱ्या गोल दृश्याचा व्यास मोजा. तो 4.5 मिमी असेल, तर 400 पटीला 0.45 मिमी, म्हणजे क्षेत्रफळ 0.159 चौ. मिमी. कडेला कापलेली पेशी अर्धी धरा, पर्णरंध्राच्या पेशी सोडा. समजा दृश्यात 120 पेशी आल्या आणि पर्णिका 45 चौ. सेंमी आहे: 120 ÷ 0.159 × 4500, म्हणजे त्या बाजूला सुमारे 34 लाख पेशी. एका पर्णिकेवर टोक, मध्य आणि बूड असे तीन ठसे घेऊन सरासरी काढा.

एकाच वाणाची काळ्या आणि भरकाड जमिनीतली पानं अशी ताडून बघा. पेशी तेवढ्याच पण लहान निघाल्या, तर पान फुगायच्या वेळी पाणी कमी पडलं. संख्याच घटली असेल, तर ओढ त्याआधी, पान कोंबात असताना बसली. नंतरच्या पावसानं ती भरून येत नाही. कधी संख्या घटूनही पान फार लहान दिसत नाही, कारण उरलेल्या पेशी जास्त फुगतात. नुसतं क्षेत्रफळ मोजणाऱ्याला हे कळतच नाही.

पऱ्हाटीत (कपाशीत) मात्र वेगळी गफलत होते. 2,4-डी या तणनाशकाचा फवारा वाऱ्यानं आला किंवा पंप नीट धुतला नाही, तर कपाशीची नवी पानं बोटांसारखी चिरलेली येतात. अरुंद खंडांच्या पानाचं जनुक कपाशीत खरोखर आहे, पण ते त्या वाणाच्या सगळ्या झाडांवर, शेवटपर्यंत दिसतं. तणनाशकाची इजा फवाऱ्याच्या दिशेच्या तासांत जास्त असते, आणि झाड सावरलं की पुढची पानं पुन्हा रुंद येऊ लागतात.