दुसऱ्या पियानोवर ऑर्केस्ट्रा : ग्रीगच्या कॉन्चेर्टोची साथ कशी करावी

सातारा-सांगलीकडे कॉन्चेर्टो (एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांची रचना) बसवायचा तर ऑर्केस्ट्रा दुसऱ्या पियानोवरच उभा करावा लागतो. नॉर्वेचा संगीतकार एडवर्ड ग्रीग याचा ए मायनर कॉन्चेर्टो (१८६८) सुरुवातीला घ्यावा. त्याच्या दोन पियानोंच्या छापील प्रतीत वर सोलो (एकल पियानोचा भाग) आणि खाली ऑर्केस्ट्राचा भाग असतो. प्रती दोन लागतात.

आधी सूर जुळवा. सहसा एक अकूस्टिक पियानो आणि एक ८८ पट्ट्यांचा डिजिटल हाताशी असतो; अकूस्टिक सोलोला द्या. साताऱ्याच्या पावसाळ्यात दमट हवेने लाकूड फुगते आणि मधल्या सप्तकांचा सूर चढतो, कोरड्या दिवसांत तो उतरतो. मधल्या सी-वरचा ए हा स्वर ट्यूनर ॲपवर मोजा. ४४२ हर्ट्झ आला, तर डिजिटलचे ट्यूनिंगही ४४२ ठेवा.

आता पेन्सिल घ्या. साथीचा भाग जसाच्या तसा वाजवायचा हट्ट धरू नका, कारण त्यात अनेक वाद्यांचे स्वर दोन हातांत कोंबलेले असतात. हात पुरत नसेल तिथे आधी मधले दुबार स्वर गाळा, मग चालीचे वरचे सप्तक. बास आणि ठेका मात्र कधीच सोडू नका. सोलो वाजवणारा त्यांच्याच आधारावर चालतो.

सर्वात जास्त वेळ पहिल्या बारला, म्हणजे पहिल्या चार मात्रांच्या गटाला, द्या. तिथे टिंपनीचा (ऑर्केस्ट्रातल्या नगाऱ्याचा) सलग घुमणारा रोल खालच्या ए-वर ट्रेमोलोने (स्वर भराभर आलटून-पालटून) वाजतो आणि चार मात्रांत जवळजवळ नि:शब्दापासून फुगत जातो. सुरुवातच मोठ्याने झाली, तर पुढे वाढायला जागा उरत नाही. हात कोपरापासून ताठ ठेवला तर दुसऱ्याच मात्रेला दुखू लागतो. कुलपात किल्ली फिरवावी तसे मनगट सैल फिरू द्या. आघात मोजू नका, मात्रा मोजा. चौथ्या मात्रेला दोघांनी एकत्र श्वास घ्यावा. दुसऱ्या बारच्या समेवर पेडल बदला (सोडून पुन्हा दाबा), नाहीतर टिंपनीची घरघर सोलोच्या कॉर्डवर सांडते.

अदाजिओत (संथ मधल्या भागात) तंतुवाद्ये आवाज दबवणारे म्यूट लावून वाजतात, म्हणून आवाज मऊ करणारे डावे पेडल वापरा. पियानोचा लांब स्वर विरत जातो. पुढचा स्वर त्या विरलेल्या पातळीवरूनच उचला.

शेवटी जागा बदला. साथीदाराने सोलोचा डावा हात अर्ध्या गतीने वाजवून पाहावा आणि कॅडेन्झाच्या (सोलो वाजवणाऱ्याने एकट्याने वाजवायच्या भागाच्या) शेवटच्या दोन ओळी पाठ कराव्यात. तिथे मोजायला ठेका नसतो, पुन्हा कुठे शिरायचे ते कानानेच कळते.